ब्रेक्झिटनंतर ब्रिटन-युरोप पोलिस सहकार्य: कागदावर सगळं चालू, मग अडतं कुठे?

ऑरेंजसिटी_एलएलएम (प्रश्न)

मंडळी, एलएलएमचा सेमिनार पेपर आहे. विषय: ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर दोन्हीकडच्या पोलिसांमधली माहितीची देवाणघेवाण. व्यापार व सहकार्य कराराचा तिसरा भाग वाचून काढला. त्यात डीएनए आहे, बोटांचे ठसे आहेत, विमान प्रवाशांची माहिती, युरोपोल (संघाची पोलिस सहकार्य संस्था), युरोजस्ट (सरकारी वकिलांच्या सहकार्याची संस्था), आरोपी ताब्यात देणं, शिक्षांचं रेकॉर्ड, सगळं आहे. तरी तिथले पोलिस अधिकारी हात तोकडे पडल्याचं सांगतात. ते कशामुळे? कलमांपेक्षा मला कामकाज समजून घ्यायचंय. रस्त्यावरच्या शिपायाला आधी काय दिसायचं आणि आता काय दिसत नाही?

दुसरं म्हणजे, व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक हमखास विचारणार, "याचा नागपूरशी संबंध काय?" सीताबर्डी ठाण्यात गुन्हा दाखल आहे आणि आरोपी लंडनला जाऊन बसलाय, तर ब्रेक्झिटने काही फरक पडतो का?

झिरोमाइल

तिसऱ्या भागात शेंगेन इन्फर्मेशन सिस्टीम, म्हणजे एसआयएस ही युरोपीय पोलिसांची सामाईक नोंदींची यंत्रणा, शोधून बघा. त्यात ब्रिटनला प्रवेश देणारं एकही कलम सापडणार नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कधीच नव्हता, पण एप्रिल २०१५ पासून एसआयएसच्या पोलिसी भागाला जोडलेला होता. त्यांनी ही यंत्रणा आपल्या पोलिस नॅशनल कॉम्प्युटरमध्येच गुंफली. लीड्सच्या शिपायाने गाडी थांबवून नंबर टाकला की तीच विचारणा आपोआप युरोपच्या नोंदींवरही फिरायची. वेगळं बटण नाही, वेगळा अर्ज नाही, वरिष्ठांची परवानगी नाही. २०१९ या एका वर्षात ब्रिटनकडून अशा ५० कोटींहून जास्त तपासण्या झाल्या. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री लंडनच्या ११ वाजता, ब्रसेल्सच्या मध्यरात्री, जोडणी तुटली.

त्या नोंदीत असायचं काय? वॉन्टेड माणूस, बेपत्ता मूल, चोरीची गाडी, चोरीला गेलेले कोरे पासपोर्ट, हत्यारं. आणि एक प्रकार असा की माणसाला अडवायचं नाही, अटक करायची नाही, फक्त कुठे, कधी, कोणासोबत दिसला एवढं गुपचूप कळवायचं. दहशतवादाच्या तपासात या नोंदीचा उपयोग सगळ्यात जास्त. अटकेच्या नोंदीला युरोपियन अटक वॉरंट (संघातल्या सगळ्या देशांत चालणारं) जोडलेलंच असायचं, त्यामुळे स्क्रीनवर नोंद आली की शिपायाच्या हातात कायदेशीर अधिकारही आला. मागे प्रत्येक देशाचा चोवीस तास चालणारा सिरेन विभाग असतोच, शंका आली तर फोन तिथे.

आता काम इंटरपोलच्या आय-२४/७ वाहिनीवर चालतं. लोक म्हणतात, इंटरपोलचे १९६ सदस्य देश, म्हणजे ते जास्तच चांगलं! तसं नाही नं. पोलंडचा अधिकारी एसआयएसमध्ये नोंद टाकतो तेव्हा तीसेक देशांना ती लगेच दिसते, त्याचं काम झालं. ब्रिटनसाठी त्याला तीच माहिती वेगळ्या फॉर्ममध्ये भरून इंटरपोलचं डिफ्यूजन (सदस्य देशांना थेट पाठवलेली सूचना) काढावं लागतं किंवा रेड नोटीस मागावी लागते. आरोपी ब्रिटनकडे जाईल असं वाटलंच नाही तर हे दुसरं काम कोण करणार? मग आरोपी डोव्हरला उतरतो आणि स्क्रीन कोरी. गाड्यांचं आणि गुप्त नजरेच्या नोंदींचं तर याहून अवघड, कारण इंटरपोलच्या रंगीत नोटिशींत तशी बंधनकारक सोय नाही. ब्लू नोटीस माहिती मागते, ग्रीन नोटीस सावध करते, पण पलीकडच्या शिपायाने काय करायचं ते त्याच्या देशाच्या मर्जीवर.

आणि रेड नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे. ब्रिटनच्या कायद्यात नुसत्या रेड नोटिशीवर अटक होत नाही. ही भेग बुजवायला त्यांनी २०२० मध्ये तात्पुरत्या अटकेचा वेगळा कायदा केला, पण त्यातली यादी बघा: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, लिक्टेनस्टाइन. युरोपीय संघाच्या देशांसाठी वाट अजून २००३ च्या प्रत्यार्पण कायद्याच्या पहिल्या भागातूनच जाते. नॅशनल क्राइम एजन्सीने वॉरंट प्रमाणित करायचं, मग अटक. घाईच्या वेळी कलम ५ खाली आधी अटक करता येते, पण मग ४८ तासांत वॉरंटसकट न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं. अशा हाती लागलेल्या माणसाचं वॉरंट परदेशातून इंग्रजी भाषांतरासह वेळेत आलं नाही, तर त्याला सोडावं लागतं.

हायकोर्ट_चौक

वरच्या मुद्द्याला कायद्याची बाजू जोडतो. करारातला आरोपी सुपूर्द करण्याचा भाग कलम ५९६ ते ६३२. सांगाडा नॉर्वे-आइसलँडच्या युरोपीय संघाशी असलेल्या करारासारखा आहे. त्या करारावर २००६ मध्ये सह्या झाल्या, अंमल १ नोव्हेंबर २०१९ ला. ब्रिटनला चार वर्षांत जे मिळालं ते त्या मानाने झटपटच म्हणायचं.

उंबरठा तोच राहिला: कमाल शिक्षा किमान १२ महिने असलेला गुन्हा, किंवा शिक्षा झालीच असेल तर ती किमान ४ महिन्यांची. मुदतीही जवळपास त्याच. आरोपीची संमती असेल तर १० दिवसांत निर्णय, नसेल तर अटकेपासून ६० दिवस, वर जास्तीत जास्त ३० ची वाढ. कलम ५९७ मध्ये प्रमाणशीरपणाची अट स्पष्ट लिहिली आहे. किरकोळ चोरीसाठी वॉरंट काढण्याच्या जुन्या तक्रारीवरचा तो इलाज.

बदललं ते कलम ६०३. स्वतःचे नागरिक देणार नाही असं कळवण्याची मुभा त्यात आहे. दहा देशांनी तसं कळवलं, त्यांत जर्मनी, फ्रान्स, पोलंड, स्वीडन, ग्रीस, फिनलंड. ऑस्ट्रिया आणि चेकिया त्या माणसाची संमती असेल तरच देतात. जर्मनीचा तर नाइलाजच आहे. त्यांच्या राज्यघटनेचं कलम १६ जर्मन नागरिकाला फक्त युरोपीय संघाच्या सदस्य देशाकडे किंवा आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सोपवू देतं, आणि ब्रिटन आता सदस्य नाही. नकार देणाऱ्या देशाने स्वतःकडे खटला चालवण्याचा विचार करायचा, असं करार म्हणतो. "विचार" हा शब्द अधोरेखित करून ठेवा, परीक्षकांना आवडेल.

ही आडकाठी फक्त त्या देशाच्या स्वतःच्या नागरिकापुरती आहे. जर्मन आरोपी सुट्टीला स्पेनमध्ये गेला तर स्पेन त्याला ब्रिटनकडे देऊ शकतो. फक्त स्पेनच्या पोलिसांना तो हवा आहे हे कळलं पाहिजे, आणि ते आता एसआयएसमधून कळत नाही. झिरोमाइल यांचा मुद्दा आणि हा मुद्दा इथे एकत्र येऊन आदळतात.

दोन निकाल पेपरमध्ये घ्याच. पहिला, युरोपीय न्यायालय, नोव्हेंबर २०२१, सी-४७९/२१. आयर्लंड या व्यवस्थेने बांधलेला आहे, वेगळी संमती लागत नाही, असं ठरलं. दुसरा जुलै २०२४ चा अल्चास्टर, सी-२०२/२४. सदस्य देशांमध्ये जो परस्पर विश्वास गृहीत धरतात तो ब्रिटनच्या वॉरंटला तसाच लागू नाही, मूलभूत हक्काला धोका असल्याचं आरोपी म्हणत असेल तर पाठवणाऱ्या न्यायालयाने स्वतः तपासावं, असं त्यात म्हटलं. मार्च २०२३ मध्ये कार्ल्सरूहच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने ब्रिटनमधल्या तुरुंगांची अवस्था बघून एका आरोपीला पाठवायला नकार दिला. आपल्याकडच्या वकिलांना हे वाचून गंमत वाटेल. हाच आक्षेप लंडनची न्यायालयं भारतीय तुरुंगांबद्दल घेतात.

ऑरेंजसिटी_एलएलएम

खूप उपयोगी, दोघांचेही आभार. डीएनएचं काय? तिथे "हिट" आला की लगेच नाव कळतं असं एका लेखात होतं. आणि पुरावा मागायचा असेल तर?

धंतोली_लॅब

लगेच नाव कळत नाही. युरोपीय देशांमधली डीएनए आणि ठसे जुळवण्याची प्रूम पद्धत मुद्दाम दोन टप्प्यांत बांधली आहे.

पहिल्या टप्प्यात घटनास्थळाच्या नमुन्यावरून काढलेले आकडे, नाव-गाव काढून टाकून, दुसऱ्या देशाच्या डेटाबेसवर यंत्राने फिरवतात. उत्तर येतं जुळलं किंवा नाही, आणि जुळलं तर एक संदर्भ क्रमांक. दुसऱ्या टप्प्यात प्रयोगशाळेतला माणूस जुळणी डोळ्याने तपासतो आणि मग त्या क्रमांकामागचं नाव रीतसर मागवलं जातं. वेळ जातो तो दुसऱ्या टप्प्यात.

गडबड कुठे होते ते सांगतो. प्रूमच्या तांत्रिक नियमांत सहा लोकाय (डीएनएवरच्या तपासायच्या ठरावीक जागा) जुळले तरी ती जुळणी मानता येते. ब्रिटनमध्ये २०१४ पासून डीएनए-१७ किट आहे, म्हणजे १६ लोकाय आणि लिंगदर्शक एक. पण समोरच्या देशाची नोंद जुन्या, कमी लोकायच्या किटवर झालेली असेल तर तुलना दोन्हीकडे सामाईक असलेल्या जागांपुरतीच होते. लाखो नोंदींच्या दोन डेटाबेसची एकमेकांशी गाठ घातली की सहा-सात लोकायवर योगायोगाच्या जुळण्या निघणारच, हे साधं गणित आहे. म्हणून कमी लोकायच्या हिटवर थेट नाव मागायचं नसतं. मूळ नमुना शिल्लक असेल तर तो नव्या किटवर पुन्हा चालवायचा, आकडा वाढवायचा, तरीही जुळलं तर पुढे जायचं. नमुना घटनास्थळाचा आणि मिश्र असेल, दोघा-तिघांचा, तर आणखी सांभाळून.

ब्रिटन या जाळ्यात डीएनएसाठी २०१९ मध्ये आला, बोटांच्या ठशांसाठी त्यानंतर. सुरुवातीला त्यांनी दोषी ठरलेल्यांच्याच नोंदी खुल्या केल्या होत्या, नुसत्या संशयितांच्या नाही. युरोपने तगादा लावल्यावर जून २०२० मध्ये त्या द्यायचं ठरलं. म्हणजे संघातून बाहेर पडता पडता एका बाबतीत देवाणघेवाण वाढली!

पुढची अडचण अशी की युरोपने मार्च २०२४ मध्ये प्रूम-२ नियम आणला. मधे एक सामाईक राउटर, चेहऱ्याचे फोटो, पोलिस नोंदींचा निर्देशांक, आणि जुळणी पक्की झाल्यावर मूळ माहिती ४८ तासांत. ब्रिटन त्या नियमात नाही, जुन्या जोडण्यांवरच आहे.

आपल्याकडे या तोडीचं काहीच नाही. डीएनए तंत्रज्ञान विधेयक २०१९ मध्ये मांडलं आणि २०२३ मध्ये मागे घेतलं. बोटांच्या ठशांसाठी नाफिस आहे, २०२२ चा ओळख कायदा आहे. डीएनएच्या राष्ट्रीय पेढीला मात्र कायद्याचा आधार नाही, तेव्हा दुसऱ्या देशाशी असं जाळं जोडण्याचा प्रश्नच येत नाही.

वर्धारोड_डेटा

पुरावा मागण्याचं आधी थोडक्यात: युरोपियन तपास आदेश गेला, आता १९५९ च्या युरोप परिषदेच्या परस्पर साहाय्य कन्व्हेन्शनवर करारातली पुरवणी. स्वीकारायचं की नाही ते ४५ दिवसांत, अंमल त्यापुढे ९० दिवसांत. आधी निर्णयाला ३० दिवस होते. फरक दिसतो तेवढा जीवघेणा नाही.

शिक्षांच्या रेकॉर्डचं उत्तर आता २० कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, आधी १० होते. ब्रिटनकडून हे काम एसीआरओ नावाचं कार्यालय बघतं. जामिनाच्या सुनावणीला २० दिवसांनी आलेलं रेकॉर्ड काय कामाचं, हा वकिलांचा सवाल रास्त आहे. अर्थात सदस्य असतानाही ब्रिटनचं घर नीट नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये उघड झालं की संगणकीय दोषामुळे सुमारे ७५,००० शिक्षांची माहिती संबंधित देशांना गेलीच नव्हती.

भारतीय वाचकांसाठी एक बाब. शिक्षांची ही देवाणघेवाण नागरिकत्वाच्या देशाभोवती बांधलेली आहे. फ्रेंच माणसाला संघात कुठेही शिक्षा झाली तरी ती फ्रान्समध्ये नोंदते, म्हणून फ्रान्सला विचारलं की पुरे. भारतीय पासपोर्टवाल्याला स्पेनमध्ये शिक्षा झाली असेल तर विचारायचं कोणाला? यासाठी युरोपने २०१९ मध्ये ईसीआरआयएस-टीसीएन या मध्यवर्ती निर्देशांकाचा नियम केला. त्यातून ब्रिटन बाहेर. म्हणजे ब्रिटिश पोलिसांनी अंदाजाने देश निवडून एकेकाला पत्र लिहायचं.

विमान प्रवाशांच्या माहितीवर पेपरमध्ये स्वतंत्र परिच्छेद टाका. कलम ५५२ म्हणतं की प्रवासी ब्रिटनमधून परत गेला की त्याची माहिती पुसायची, धोक्याचा वस्तुनिष्ठ आधार असेल तरच ठेवायची, आणि तीही कमाल पाच वर्षं. हे आलं कुठून? युरोपीय न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये कॅनडाच्या करारावर दिलेल्या अभिप्राय १/१५ मधून. ब्रिटनची यंत्रणा निवडक पुसण्यासाठी बनलेलीच नव्हती, त्यामुळे करारातच सवलतीचा काळ घालावा लागला. सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवं नाही: साठवायची सोय पहिल्या दिवशी होते, पुसायची कधीच वेळेत होत नाही.

आता तुमच्या गाइडनी कदाचित न सांगितलेला सगळ्यात नाजूक सांधा. ब्रिटनमधलं डेटा संरक्षण पुरेसं आहे असा निर्णय युरोपीय आयोगाने २८ जून २०२१ रोजी दिला. एक सर्वसाधारण डेटासाठी, दुसरा खास पोलिसी डेटासाठी. दोन्हींना चार वर्षांची मुदत होती. ती २७ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली, आणि डिसेंबर २०३१ पर्यंतच्या नूतनीकरणाचे मसुदे आयोगाने जुलै २०२५ मध्ये मांडले. हा निर्णय गेला किंवा डेटा संरक्षणात गंभीर आणि व्यवस्थेतच मुरलेल्या उणिवा दिसल्या, तर कलम ६९३ खाली तिसरा भाग स्थगित करता येतो. कलम ६९२ खाली कोणीही नऊ महिन्यांची नोटीस देऊन तो भाग संपवू शकतो. आणि मानवी हक्कांच्या युरोपीय कन्व्हेन्शनमधून ब्रिटन बाहेर पडला आणि त्या कारणावरून युरोपने नोटीस दिली, तर नऊ महिनेही मिळत नाहीत. ते बाहेर पडणं ज्या दिवशी लागू होईल त्याच दिवशी तिसरा भाग संपतो. लंडनमध्ये कन्व्हेन्शन सोडायची भाषणं होतात तेव्हा हेगमध्ये युरोपोलच्या मुख्यालयात बसलेल्या ब्रिटिश लायझन अधिकाऱ्यांचा जीव याच्यासाठी टांगणीला लागतो.

झिरोमाइल

युरोपोलचं राहिलंच. ब्रिटनचे अधिकारी हेगमध्ये आहेत, सिएना या सुरक्षित संदेश वाहिनीवर आहेत, पण युरोपोलच्या मुख्य माहिती यंत्रणेत थेट शोध घेता येत नाही, विचारून घ्यावं लागतं. व्यवस्थापन मंडळावर जागा नाही. २००९ ते २०१८ या काळात युरोपोलचा संचालक ब्रिटिश होता, त्यानंतर ही गत. तुलनेसाठी डेन्मार्क घ्या. संघात राहूनही सार्वमतामुळे १ मे २०१७ ला ते युरोपोलबाहेर गेले, पण शेंगेनमध्ये असल्यामुळे एसआयएस शाबूत राहिली, आणि त्यांच्या विचारणा हाताळायला डॅनिश भाषा येणारे कर्मचारी युरोपोलमध्ये ठेवण्याची सोय झाली.

आयर्लंडची सीमाही नकाशावर काढून दाखवा. आयर्लंड १५ मार्च २०२१ रोजी एसआयएसला जोडला गेला, ब्रिटन अडीच महिने आधी तुटला. डंडॉकच्या शिपायाला नोंद दिसते. तिथून अर्ध्या तासाच्या आत नाकं-बिकं काही न लागता न्यूरीला पोचता येतं, तिथल्या शिपायाला दिसत नाही. आपल्याकडे सावनेरहून पांढुर्ण्याला गेलं तर राज्य बदलतं, पण बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम ४५ देशात कुठेही पाठलाग करू देतं, सीसीटीएनएस हे पोलिस ठाण्यांचं संगणक जाळं दोन्हीकडे एकच, ट्रान्झिट रिमांड (आरोपीला दुसरीकडे नेण्याची न्यायालयाची परवानगी) घेतला की आरोपी घेऊन परत. न्यूरीत हे तिन्ही गृहीत धरता येत नाही.

ऑरेंजसिटी_एलएलएम

आता सीताबर्डीचं सांगा नं कोणीतरी. 😅

हायकोर्ट_चौक

फरक जवळपास शून्य. भारत युरोपियन वॉरंटच्या रस्त्यावर कधीच नव्हता. ब्रिटनशी आपला प्रत्यार्पण करार १९९२ चा, अंमल १९९३ पासून. जर्मनी, फ्रान्स, स्पेन यांच्याशी वेगवेगळे. आरोपी लंडनहून पॅरिसला सटकला तर आधीही नव्याने विनंती करावी लागायची, आताही लागते.

क्रम असा. जेएमएफसीकडून (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून) अजामीनपात्र वॉरंट. मग पोलिस आयुक्तालय, राज्याचा इंटरपोल लायझन अधिकारी, तिथून सीबीआय, जी आपल्याकडे इंटरपोलची राष्ट्रीय कचेरी आहे. जानेवारी २०२५ पासून हे भारतपोल पोर्टलवर जातं. ठावठिकाणा लागला की प्रत्यार्पणाची फाइल परराष्ट्र मंत्रालयाकडे. पुरावा हवा असेल तर बीएनएसएस कलम ११२ खाली न्यायालयाचं विनंतीपत्र, गृह मंत्रालयामार्फत. हे दोन रस्ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. इंटरपोलवरून आलेलं उत्तर तपासाला दिशा देतं, न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही.

फायली अडकतात त्या अशा. ब्रिटनने ज्या देशांना प्रथमदर्शनी पुराव्यातून सूट दिली आहे त्यांत भारत नाही, त्यामुळे नुसतं आरोपपत्र जोडून भागत नाही. कोणत्या साक्षीदाराने काय पाहिलं आणि ते कोणत्या ब्रिटिश गुन्ह्यात बसतं, हे विनंतीतच मांडावं लागतं. साक्षीदारांचे जबाब एकाच साच्यातले, शब्दाला शब्द जुळणारे असले की प्रत्यार्पणाची प्रकरणं ऐकणाऱ्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयाचा न्यायाधीश भुवया उंचावतो. तुरुंगाचं आश्वासन मोघम चालत नाही. नागपूर मध्यवर्ती कारागृहात ठेवणार असाल तर बराकीचं नाव, स्वच्छतागृह वगळून माणशी किमान ३ चौरस मीटर जागा, उजेड, वैद्यकीय सोय, सगळं लिहून द्यावं लागतं.

बीएनएसएस ३५६ खाली फरार आरोपीचा खटला त्याच्या गैरहजेरीत चालवायचा मोह होईल. तो चालवताना किमान ३० दिवसांच्या अंतराने काढलेली दोन वॉरंटं आणि आरोप निश्चितीनंतरचे ९० दिवस यांची नोंद काटेकोर ठेवा. पुढे लंडनमध्ये २००३ च्या कायद्याचं कलम ८५ लागतं. आरोपी मुद्दाम गैरहजर राहिला हे सिद्ध झालं नाही, तर त्याला इथे पुन्हा खटल्याचा हक्क आहे का, असा प्रश्न येतो. त्याचं स्पष्ट उत्तर फाइलमध्ये नसेल तर शिक्षा झालेला आरोपीही तिथेच सुटतो.